मोडलेली रिंगणं

पुण्याच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंचा परवा फोन आला. लेकीकडे नॉर्थ कॅरोलायनात असताना मला मोटारींच्या शर्यती बघायचा नाद लागला, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. "अगं, त्या गाड्या नुसत्या डावीकडे वळतात आणि गोल गोल फिरतात. त्यात बघण्यासारखं काय असतं?" प्रश्न रास्त होता. पण उत्तर फोनवर देण्याइतकं छोटं नव्हतं, म्हणून इथे लिहायला बसले. जाऊबाई हे वाचतील अशी आशा आहे. (वाचलं नाही तर मी फोन करून वाचून दाखवीन, बरं का!)

आधीच सांगते, मी आयुष्यात लूनासुद्धा चालवलेली नाही. गाडीच्या इंजिनातलं मला काही कळत नाही. मी इतिहास-भूगोल शिकवला, तीसेक वर्षं. त्यामुळे माझं लक्ष गाडीपेक्षा जमिनीकडेच जास्त जातं. ही जमीन कुणाची होती, तिच्यावर रिंगण का आखलं, आणि पुढे तिचं काय झालं? हे शोधत गेले आणि अडकले.

ओव्हल म्हणजे लंबगोल धावपट्टी. दोन सरळ बाजू, दोन टोकांना वळणं. आपल्या घाटरस्त्यांना वळणावर बाहेरच्या कडेला थोडा उठाव दिलेला असतो, म्हणजे गाडी बाहेर फेकली जात नाही. तोच उठाव इथे वाढवत नेतात. फ्लोरिडातल्या डेटोनाच्या वळणांना ३१ अंशांचा उतार आहे! पायी चढायचं तर हात टेकावे लागतील. तेवढ्या उतारामुळे गाडीला वळणावर फारसा वेग कमी करावा लागत नाही.

पण हा आकार वेगासाठी निघाला, असं मला वाटत नाही. तो निघाला लोकांसाठी.

मोटार नवी होती तेव्हा शर्यती गावोगावच्या रस्त्यांवरूनच व्हायच्या. १९०३ साली पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत निघाली. रस्ते धुळीचे, दुतर्फा बघ्यांची गर्दी, मध्येच कुत्री आणि गुरं. पहिल्याच दिवशी इतके अपघात आणि मृत्यू झाले की बोर्दोला शर्यत थांबवावी लागली. मोटारी बनवणाऱ्या रेनॉ बंधूंपैकी मार्सेल रेनॉ त्यातच गेला. इंग्लंडात तर त्या वर्षीच्या कायद्याने वेगाची मर्यादा ताशी वीस मैल ठरली. मग मोटारी पळवायच्या कुठे?

ह्यू लॉक किंग नावाचा एक जमीनदार इटलीतली शर्यत बघून आला आणि त्याने सरे परगण्यात, वेब्रिजजवळच्या स्वतःच्या जमिनीवरच पावणेतीन मैलांचं काँक्रीटचं रिंगण बांधायला काढलं. नाव ब्रुकलँड्स. रुंदी शंभर फूट, वळणांवर काँक्रीटची भिंत जवळजवळ तीस फूट उंच चढवलेली. १९०७ च्या जूनमध्ये ते उघडलं. खास मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेली जगातली ही पहिली धावपट्टी. खर्च सुमारे दीड लाख पौंड झाला, आणि लॉक किंग त्यात आर्थिक दृष्ट्या पार खचला. त्याची पत्नी एथेल हिने पुढचा भार उचलला. उद्घाटनाच्या मिरवणुकीत पहिली गाडी तिनेच चालवली होती. ही बाई मला फार आवडते.

गंमत अशी की मोटारींची शर्यत म्हणजे काय, हे तिथे कुणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून सगळे रिवाज घोड्यांच्या शर्यतीवरून उचलले. पहिल्या शर्यतीत गाड्यांना क्रमांक नव्हते, चालकांनी जॉकींसारखे रंगीत झगे घातले होते! महालक्ष्मीला घोड्यांऐवजी मोटारी सोडल्या तर जसं दिसेल, तसं.

दोनच वर्षांनी अमेरिकेत इंडियानापोलिसला अडीच मैलांचं रिंगण झालं. कार्ल फिशर आणि त्याचे तीन भागीदार. आधी खडी आणि डांबर घातलं. १९०९ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या मोटारशर्यतींच्या तीन दिवसांत रस्ता उखडला आणि पाच माणसं मेली. दोन त्यातले बघायला आलेले होते. दुसऱ्या कुणी कुलूप लावलं असतं. फिशरने बत्तीस लाख विटा मागवल्या आणि ६३ दिवसांत सगळं रिंगण विटांनी फरसबंद केलं. १९११ च्या ३० मे रोजी तिथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. रे हॅरून पावणेसात तास गाडी चालवून जिंकला, सरासरी ताशी ७४.६ मैल. इतरांच्या गाडीत मागचं बघायला एक मेकॅनिक बसायचा. हॅरून एकटाच होता, म्हणून त्याने समोर एक आरसा बसवून घेतला. विटांवरून आता डांबर गेलं आहे, पण शेवटच्या रेषेवर एक वार रुंदीचा विटांचा पट्टा मुद्दाम ठेवला आहे. जिंकलेले चालक गुडघे टेकून त्याचं चुंबन घेतात. आपण पायरीला नमस्कार करतो, तसंच ते.

आता मुद्द्यावर येते. रस्त्यावरच्या शर्यतीत माणसाला काय दिसतं? एक गाडी धुरळा उडवत जाते, की झालं. पुढची येईपर्यंत कणीस खात बसा. शिवाय रस्त्याला तिकीट लावता येत नाही. रिंगणाला कुंपण घालता येतं, दारावर माणूस बसवता येतो, आणि आत बसलेल्याला तीच गाडी पुन्हा पुन्हा दिसते. लहान रिंगणात तर सगळीच शर्यत एका जागेवरून. कोण मागून पुढे आला, कुणाचं चाक गेलं, कोण कुणाला दाबतोय... जाऊबाई, बघण्यासारखं असतं ते हे! गाडी गोल फिरते म्हणून तर माणसाला गोष्ट सलग दिसते. वारीतल्या गोल रिंगणात अश्व धावतो तेव्हा आपण कडेने उभे राहून टाचा उंचावत बघतोच ना? तिथे भाव वेगळा, पण गोलाची किमया तीच.

तिकीट लागलं की धंदा आला. आणि धंदेवाईकांच्या लक्षात आलं की काँक्रीट आणि विटांपेक्षा लाकूड स्वस्त. १९१० साली लॉस एंजेलिसजवळ प्लाया डेल रे इथे फळ्यांचं गोल रिंगण उभं राहिलं. बांधणारा जॅक प्रिन्स हा सायकलशर्यतींची लाकडी मैदानं बांधणारा माणूस. दोन इंच बाय चार इंचांच्या फळ्या कडेवर उभ्या करून, एकीला एक चिकटवून हजारोंनी ठोकायच्या. पुढच्या वीसेक वर्षांत अशी मोठी रिंगणं दोन डझनांच्या आसपास झाली. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बहुतेक शर्यती लाकडावरच झाल्या. फ्रँक लॉकहार्टने १९२७ मध्ये अटलांटिक सिटीच्या फळ्यांवर ताशी १४७ मैलांच्या वर वेग गाठला, म्हणजे जवळजवळ २३७ किलोमीटर. शंभर वर्षांपूर्वी, लाकडावर!

पण लाकूड ते लाकूडच. उन्हापावसात उघडं, वरून इंजिनांचं तेल पाझरतंय. तीन-चार वर्षांत फळ्या कुजायच्या, ढलप्या उडून चालकांच्या तोंडावर बसायच्या. वर शर्यत चालू आणि खाली सुतार भोकं बुजवतायत, असे प्रकार चालत. दुरुस्तीपेक्षा सोडून देणं स्वस्त पडे. बेव्हर्ली हिल्सचं रिंगण १९२० ते १९२४, पुरी चार वर्षं. जमिनीचा भाव चढला, रिंगण मोडलं, तिथे मोठं हॉटेल झालं. शिकागोजवळच्या मेवूडच्या रिंगणाच्या जागी माजी सैनिकांचं रुग्णालय झालं. आणि इंडियानापोलिसच्या त्याच कार्ल फिशरने फ्लोरिडात मायामीजवळ लाकडी रिंगण बांधलं. १९२६ च्या फेब्रुवारीत तिथे एक शर्यत झाली, सप्टेंबरमध्ये चक्रीवादळ आलं, आणि रिंगणाच्या फळ्या लोकांनी पडलेली घरं उभी करायला नेल्या. एकाच माणसाचं विटांचं रिंगण शंभर वर्षांच्या वर टिकलं, लाकडाचं सात महिने. मला विचाराल तर दुसऱ्याचा शेवट काही वाईट झाला नाही.

मोटरसायकलींसाठी याहून लहान आणि खड्या उताराची लाकडी रिंगणं होती. १९१२ साली नेवार्कला एक गाडी कठड्यावर चढली, दोन चालक गेले आणि कठड्यावरून वाकून बघणारी काही मुलं गेली. वर्तमानपत्रांनी त्यानंतर या रिंगणांना खुनाचं मैदान म्हणायला सुरुवात केली. मोठी रिंगणं बंद झाली, पण खेळ गेला नाही. तो आणखी लहान होऊन जत्रेत शिरला. भिंती सरळ उभ्या झाल्या, बघणारे वरून कठड्याला टेकून खाली बघू लागले. ओळखलंत? मौत का कुआँ! आपल्या जत्रेत पाळण्यांच्या पलीकडे, फळ्यांच्या विहिरीत फटफटी आणि मारुती फिरवणारी पोरं वरच्यांच्या हातातली दहाची नोट घेतात, तो खेळ थेट या वंशातला. मी लहानपणी तो वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला होता. फळ्या थरथरायच्या ते मला अजून हाताच्या तळव्यात आठवतं. अमेरिकेत मुख्य झाड केव्हाच वठलं, पारंबी मात्र आपल्याकडे जत्रेत अजून हलते आहे.

युरोपचं थोडक्यात. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ सिट्जेसला १९२३ साली काँक्रीटचं देखणं रिंगण झालं. पण बांधकामाचे पैसे थकले, पहिल्याच शर्यतीची तिकिटांची रक्कम बांधणाऱ्यांनी अडकवली, आणि बाहेरून आलेल्या चालकांना बक्षिसं मिळाली नाहीत. पुढे तिथे कोंबड्या पाळल्या. काँक्रीट अजून शाबूत आहे म्हणतात, मजबूत बांधलं होतं हो! इटलीतल्या मोंझाच्या उतरत्या वळणांवर फॉर्म्युला वनच्या गाड्या शेवटच्या धावल्या त्या १९६१ मध्ये. ब्रुकलँड्स १९३९ मध्ये युद्धाने बंद केलं. तिथे विमानांचे कारखाने होते, त्यांना जागा हवी होती. आज तिथे संग्रहालय आहे. युरोपने हा नाद सोडला, अमेरिकेने, त्यातही अमेरिकेच्या दक्षिणेने, धरून ठेवला.

ही दक्षिण म्हणजे कॅरोलायना, व्हर्जिनिया, जॉर्जिया, अलाबामा. तंबाखू, कापूस, लाल माती, गरीब डोंगराळ खेडी. चोरून दारू गाळायची आणि रातोरात डोंगर उतरून शहरात पोचवायची, पोलिसांच्या गाडीपेक्षा आपली गाडी वेगात हवी. ही मुलं रविवारी शेतातल्या मातीच्या रिंगणात एकमेकांशी चढाओढ करायची. ज्युनिअर जॉन्सन हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. १९५६ साली वडिलांच्या दारूभट्टीवर पकडला गेला, शिक्षा भोगली, पुढे मोठा शर्यतपटू झाला, आणि १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. या सगळ्यांना १९४८ मध्ये बिल फ्रान्सने एका संस्थेखाली आणलं. तिचं नाव नॅस्कार.

त्या काळातली रिंगणं कुणी वास्तुविशारदाने आखलेली नव्हती. साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनला हॅरोल्ड ब्रॅसिंग्टन नावाच्या माणसाने १९५० साली शेतात सव्वा मैलाचं डांबरी रिंगण बांधलं. जमीन देणाऱ्याची एकच अट होती, की एका टोकाचं छोट्या माशांचं तळं बुजवायचं नाही. म्हणून त्या बाजूचं वळण आखडतं घेतलं, आणि रिंगण अंड्यासारखं झालं. एक टोक निमुळतं, एक फुगीर. आजही तिथे गाडी एका वळणाला जुळवली की दुसऱ्याला जुळत नाही, म्हणूनच चालकांना ते सर्वांत अवघड वाटतं. एका तळ्याने पंचाहत्तर वर्षं लोकांना घाम फोडला! नॉर्थ विल्क्सबरोला पैसे संपल्यामुळे जमीन सपाट करायचीच राहिली. तिथे एक बाजू उतारावर आहे, दुसरी चढावर.

आणि हिल्सबरो. लेकीच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथे पूर्वी तंबाखूवाल्या ज्युलियन कार यांचं ऑकोनीची नावाचं मोठं फार्म होतं, त्यावर घोड्यांची शर्यतपट्टी होती. तिच्या जागी बिल फ्रान्स आणि भागीदारांनी ०.९ मैलांचं मातीचं रिंगण केलं. नॅस्कारच्या १९४९ च्या पहिल्या मोसमात आठच शर्यती होत्या, त्यांतली एक इथे झाली. शेवटची १९६८ च्या सप्टेंबरमध्ये, रिचर्ड पेटी जिंकला. गावातल्या चर्चच्या मंडळींना रविवारचा हा गोंगाट नकोच होता. १९६९ मध्ये अलाबामात टॅलाडेगाला प्रचंड मोठं रिंगण झालं, आणि हिल्सबरोची माती मोकळी सुटली.

२०२३ च्या वसंतात मी तिथे नातवाबरोबर गेले. शेजारचे एक गृहस्थ आम्हाला घेऊन गेले. सत्तरी ओलांडलेले, माझ्याच वयाचे. लहानपणी वडिलांचा हात धरून ते तिथे शर्यती बघायला जात. आता तिथे जंगल आहे. पाइन आणि सिकॅमोरची उंच झाडं थेट धावपट्टीत वाढली आहेत, आणि त्यांच्यामधून पायवाट जाते. ती पायवाट म्हणजेच ते रिंगण. वळणावर जमिनीचा उठाव पायाला कळतो. आम्ही चालत होतो आणि डाव्या पायापेक्षा उजवा पाय वर पडत होता, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण आता वळणावर आहोत. एका बाजूला झाडीत काँक्रीटच्या पायऱ्या आहेत. प्रेक्षकांच्या. त्यांवर पानांचा थर. पलीकडे ईनो नदी.

"इथे, मॅम," ते म्हणाले, "मी आणि बाबा बसायचो. घरी गेलं की आई आम्हाला मागच्या दारातच कपडे काढायला लावायची. सगळी लाल माती." दक्षिणेतली म्हातारी माणसं बायकांना मॅम म्हणतात, फार बरं वाटतं. नातू तेवढ्यात पुढे पळत गेला होता. त्याला हे सगळं 'स्पूकी' वाटत होतं.

एक फेरी पुरी करायला मला पस्तीस मिनिटं लागली. पेटीला मिनिट सुद्धा लागत नसे.

ही लहान रिंगणं एकेक करून का गेली, याचं उत्तर निव्वळ इतिहासाच्या पेपरातलं आहे, पाच गुणांचं. १९७१ पासून अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सिगारेटची जाहिरात बंद झाली. तंबाखू कंपन्यांकडे पैसा पडून. नॉर्थ कॅरोलायनातलीच आर. जे. रेनॉल्ड्स कंपनी त्याच वर्षी नॅस्कारची मुख्य पुरस्कर्ती झाली. तिला मोठी रिंगणं, मोठ्या शर्यती हव्या होत्या. १९७१ च्या मोसमात ४८ शर्यती होत्या, १९७२ मध्ये ३१. त्या काळातली मातीवरची शेवटची शर्यत १९७० मध्येच रालेला झाली होती, अर्ध्या मैलाच्या जत्रेच्या मैदानावर. पुढे १९७९ मध्ये डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत टीव्हीवर दाखवली. त्या दिवशी पूर्वेकडे हिमवादळ होतं, माणसं घरात अडकलेली. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे एकमेकांवर आदळले आणि गाडीतून उतरून मारामारीला लागले. सगळ्या देशाने बघितलं. तेव्हापासून जाहिरातवाले दारात उभे.

मग १९९० चं दशक. लास वेगास, टेक्सास, कॅलिफोर्नियातलं फोंटाना, नंतर केंटकी, शिकागोलँड, कॅन्सस. बहुतेक दीड मैलाची, एका साच्यातून काढल्यासारखी. तळं सांभाळलेलं नाही, चढउतार नाही. लाख-लाख खुर्च्या. आणि या नव्यांना तारखा द्यायच्या तर जुन्यांच्या काढाव्या लागल्या. नॉर्थ विल्क्सबरोचा मालक १९९५ मध्ये वारला, दोन धनिकांनी हिस्से घेतले, आणि १९९६ नंतर त्याच्या दोन शर्यतींपैकी एक टेक्सासला गेली, एक न्यू हॅम्पशायरला. रिंगण तसंच पडलं, खुर्च्यांतून गवत आलं. एका गावाचा सण उचलून दुसऱ्या गावाला दिला, असं झालं ते.

इथे मला थोडं स्वतःचं सांगायचं आहे. मी ज्या शाळेत शिकवलं, तिथे डिसेंबरात क्रीडासप्ताह असायचा. आदल्या दिवशी आमचे पी.टी.चे सर पहाटे येऊन मैदानावर फक्कीने ट्रॅक आखायचे. दोनशे मीटरचा लंबगोल, सहा लेन. मध्ये खुंटी, तिला दोरी, दोरीच्या टोकाला सर, हळूहळू चालतायत, मागे पांढरी रेघ उमटतेय. बाहेरच्या लेनवाल्याला पुढे का उभं करतात, हे मी सातवीच्या वर्गाला परीघ शिकवायला गणिताच्या बाईंच्या तासावरून मुलांना मैदानावर नेऊन दाखवत असे. आता त्या मैदानाच्या अर्ध्या भागावर गाळे आहेत. खाली मोबाइलचं दुकान, वर क्लासेस. संस्थेला पैसे हवे होते, हे खरंच होतं. छप्पर गळत होतं, तेही खरं. उरलेल्या अर्ध्यात शंभर मीटर सरळ धावता येतं, चारशेची शर्यत बंद झाली. सभेत मी एकटीने विरोध नोंदवला होता. त्याचा उपयोग झाला नाही, आणि नंतर मी त्या बाजूने जायचं टाळू लागले. हिल्सबरोच्या झाडीत मला पहिल्यांदा त्या फक्कीची आठवण त्रासाशिवाय आली.

असो. तर हा फुगा फुटायचाच होता. २००१ साली डेटोनाला शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळून गेला, नॅस्कारचा सर्वांत लाडका चालक. त्यानंतर मान सांभाळणारं साधन सक्तीचं झालं, भिंतींना धक्का शोषणारे कठडे आले. उघड्या चाकांच्या इंडीकार गाड्यांना ओव्हलवर एकत्र पळवणं किती धोक्याचं आहे, ते २०११ मध्ये लास वेगासला पंधरा गाड्यांच्या अपघातात डॅन व्हेल्डन गेला तेव्हा पुन्हा कळलं. जी मालिका १९९६ मध्ये केवळ ओव्हलसाठी सुरू झाली होती, तिच्यात आता ओव्हल निम्म्याहूनही कमी आहेत. २००८ ची मंदी आली, पेट्रोल महागलं, दोनशे मैल गाडी हाकत येऊन तंबू ठोकणारी कुटुंबं येईनाशी झाली. घरी टीव्ही मोठा झाला होता. ज्या टीव्हीने रिंगणं मोठी केली, त्यानेच ती रिकामीही केली, असं माझं मत. डेटोनाला ४० कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण केलं तेव्हा खुर्च्या वाढवल्या नाहीत, कमी केल्या. आणि २०२३ च्या जुलैत नॅस्कारच्या गाड्या शिकागोच्या रस्त्यांवर धावल्या. म्हणजे रस्त्यावरून उठून रिंगणात आलेली शर्यत पुन्हा रस्त्यावर.

फोंटानाची गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोलकी वाटते. तिथे आधी कैसरचा पोलादाचा कारखाना होता, दुसऱ्या महायुद्धात उभारलेला. तो बंद पडला, त्या जागी १९९७ मध्ये दोन मैलांचं रिंगण झालं. २०२३ च्या फेब्रुवारीत शेवटची शर्यत झाली आणि बहुतेक जमीन पन्नास कोटी डॉलरच्या वर किमतीला विकली गेली. कशासाठी? गोदामांसाठी. आपण घरबसल्या बटण दाबून जे मागवतो, ते ठेवायला. पोलाद, मग करमणूक, मग खोकी. भूगोलाच्या एखाद्या धड्याला याहून चांगलं उदाहरण मी शोधूनही सापडलं नसतं.

नॉर्थ विल्क्सबरो मात्र उठलं. जुन्या चालकाच्या मुलाने, डेल अर्नहार्ट ज्युनिअरने, २०१९ मध्ये काही माणसं घेऊन तिथलं गवत काढलं. कशासाठी, तर संगणकावरच्या खेळात तरी ते रिंगण जसंच्या तसं राहावं म्हणून, मोजमाप घ्यायला. त्यातून लोकांचं लक्ष गेलं, राज्य सरकारने करोनाकाळातल्या मदतीतून १ कोटी ८० लाख डॉलर दिले, आणि २०२३ च्या मे महिन्यात नॅस्कार तिथे परतली, सत्तावीस वर्षांनी. आम्ही शेजारच्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात बसून ती शर्यत बघितली. जुनं, भेगा पडलेलं डांबर तसंच ठेवलं होतं. काही पाट्याही जुन्याच, रंग उडालेल्या. काइल लार्सन जिंकला, पण त्या घरात कोण जिंकलं याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. गृहस्थ नुसते खुर्च्यांकडे बघत होते, भरलेल्या.

नातू आणि मी त्या रात्री भांडलो. त्याचं म्हणणं, "आजी, हेच बरोबर. हिल्सबरोचंपण असंच करायला पाहिजे, झाडं तोडून परत." तो अकरा वर्षांचा आहे, त्याला गाड्या हव्यात. मी म्हटलं, अरे, कोट्यवधी सरकारी रुपये... म्हणजे डॉलर, शाळांना नाहीत आणि रिंगणाला आहेत? त्यावर तो म्हणाला, "पण आजी, तुझ्या शाळेचं ग्राउंड परत करून दिलं तर तू नको म्हणशील?" मुलं कधी कधी असा चेंडू टाकतात की बॅट कुठल्या कुठे जाते. लेक स्वयंपाकघरातून हसली.

मी विषय बदलून शेजाऱ्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, हिल्सबरोला परत गाड्या आल्या तर?

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. थोडा विचार केला.

"नको, मॅम," ते म्हणाले. "डॉक्टरांनी रोज दोन मैल चालायला सांगितलंय. मग मी कुत्र्याला घेऊन फिरायला कुठे जाऊ?"